पहिल्या फेरीचा माणूस

पास्कलकाकांची आणि तुमची पहिल्यांदा गाठ पडली, तर ते तुमच्या तोंडाकडे बघणार नाहीत. घोट्याकडे बघतील. मग गुडघ्याकडे. मग तुम्ही लिफ्टमधून बाहेर पडताना कोणता पाय आधी टाकता, तिकडे. हे सगळं उरकल्यावर नजर सावकाश वर येईल आणि अत्यंत सभ्य हसू हसून ते म्हणतील, "डावा पाय स्ट्राँग आहे तुमचा. लेफ्ट बॅक."

माझ्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला हे ऐकवलं, आणि मी त्या दिवशी हौसेनं साडी नेसून गेले होते. दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका उंच इमारतीत आमचं मालवाहतुकीचं ऑफिस आहे. मी तिथं डॉक्युमेंटेशनला. साठीला टेकलेला, पांढऱ्या मिशांचा, खिशाला चार पेनं लावलेला हा गृहस्थ एक तर हाडांचा डॉक्टर असावा नाहीतर चावट असावा, असं मला वाटलं. दोन्ही नव्हता. पास्कल डाबरे, मूळ वसईचे, जबल अलीतल्या आमच्या गोदामाचे सुपरवायझर, पण कागदपत्रांसाठी रोज ऑफिसात हजर. ही झाली पोटापाण्याची ओळख. खरी ओळख म्हणजे रविवारच्या मराठी फुटबॉल लीगमधल्या 'किनारा' टीमचे ते जनरल मॅनेजर.

ऑफिसातही एक जनरल मॅनेजर आहेत, लेबनॉनचे. पण "जीएमनी बोलावलंय" म्हटलं की शिपायापासून सगळे आधी पास्कलकाकांकडेच जातात. त्या खऱ्या जीएमबद्दल काकांचं मत एका वाक्याचं आहे. "सब्स्टिट्यूट गोलकीपर. लाइन सोडून पुढे येतच नाय." साहेब केबिनमधून बाहेर पडत नाहीत हे खरंच होतं, त्यामुळे मला वाद घालता आला नाही.

मी कोल्हापूरची आहे कळल्यावर काकांचा चेहरा असा उजळला की जणू मीच पाच गोल मारून आलेय. "कोल्हापूर? मग ऑफसाइड शिकवायला नको!" आणि त्या आठवड्यात मी किनाराची असिस्टंट जीएम झाले. मला कोणी विचारलं नव्हतं. पण फुटबॉल कळणारी आणि एक्सेल येणारी बाई दुबईत पुन्हा मिळेल का, या धास्तीनं त्यांनी मला उचललं असावं.

आता ही ड्राफ्टची भानगड सांगते. आमच्या कोल्हापुरात माणूस जन्मला की त्याची टीम ठरलेली असते. पेठेतला माणूस पेठेकडून खेळणार, पेठ हरली तर दोन दिवस जेवणार नाही, संपलं. लग्नात मी आडनाव बदललं, पण पेठ बदलायला कोणी सांगितलं असतं तर लग्न मोडलं असतं. दुबईत पेठ नाही. सुरुवातीला इथं ज्यानं त्यानं आपापली टीम केली, तेव्हा वसईकर पोरं एकत्र आली आणि त्यांनी सगळ्यांना धुतलं. भांडणं झाली. मग कमिटीनं नियम काढला, की ऑक्टोबरात सगळ्या खेळाडूंची एकच यादी करायची, आठ टीमच्या आठ जीएमनी एका हॉलमध्ये बसायचं आणि पाळीपाळीनं एकेक नाव पुकारायचं. अशा बारा फेऱ्या. मागच्या वर्षी जो शेवटी आला त्याची पाळी पहिली, जिंकला त्याची शेवटची. यादीत बँकेतला साहेब असतो आणि साइटवरचा सळई बांधणारा असतो. ज्याचं नाव पुकारलं तो उठतो आणि आपल्या टीमच्या टेबलाशी जाऊन बसतो.

किनारा बहुतेक वर्षी शेवटून पहिली किंवा शेवटून दुसरी येते. आणि गंमत म्हणजे, ड्राफ्टचा अभ्यास मात्र सगळ्यात जास्त पास्कलकाकांचा.

काय तो अभ्यास! ऑफिसखालच्या तळ्यापलीकडच्या त्यांच्या वन-बेडरूमच्या हॉलमधली एक अख्खी भिंत पांढऱ्या पत्र्याची आहे. तिच्यावर पिझ्झावाल्यांनी, लाँड्रीवाल्यांनी फुकट दिलेली फ्रिजची मॅग्नेट, आणि प्रत्येकाखाली एका खेळाडूची चिठ्ठी. शनिवारी दुपारी ते आठही जीएमच्या आवाजात एकटेच लुटुपुटीचा ड्राफ्ट खेळतात. प्रधान नावाच्या जीएमचा आवाज काढताना पोट पुढे काढतात. मध्येच एखाद्या जीएमवर चिडतात सुद्धा. "असं कसं केलंस रे! तुला डिफेंडर पायजे होता!" असं स्वतःलाच ओरडतात आणि मग स्वतःच समजूत घालतात.

त्यांच्या मते जीएमच्या दोन जाती. "एक गरजवाला. विंगर नाय, तर विंगर घेऊन येतो. चप्पल तुटली, चप्पल आणली. दुसरा भारीवाला. सेलमध्ये घुसला, सगळ्यात भारी दिसलं ते उचललं. घरी येऊन बगतो तर दोन मिक्सर."

"आणि तुम्ही?" मी विचारलं होतं.

"आपण थांबायचं. घाई नको, शिंदेबाई, माणूस दिसू दे."

हे "माणूस दिसू दे" दिवसातून दहा वेळा येतं. चाचणीच्या दिवशी सिलिकॉन ओएसिसच्या मैदानावर बाकीचे जीएम स्टॉपवॉच घेऊन धावणाऱ्यांच्या मागे धावत असतात. पास्कलकाका मैदानाकडे पाठ करून उभे. ते बघत असतात बाहेर बसलेल्यांकडे. पाण्याची बाटली कोण कोणाला देतो, बूट कोण कुठं काढतो. मुलाखतीत बाकीचे विचारतात, वेग किती, कुठल्या क्लबात होतास. हे विचारतात, "गेल्या रविवारी काय जेवलास? कोणाबरोबर?" आणि उत्तरावर गंभीरपणे मान हलवून रजिस्टरात कधी एक, कधी दोन, कधी तीन चांदण्या काढतात. तीन चांदण्यांचा माणूस म्हणजे काय, हे मी त्यांना बरेचदा विचारलं. "ती आपली सिस्टीम आहे," एवढंच म्हणायचे. मला वाटायचं, आहारावरून स्टॅमिना काढत असतील. काढोत बापडे.

संध्याकाळी ऑफिस सुटलं की मी कधीकधी त्यांच्याबरोबर खालच्या तळ्याकाठी बाकावर बसते. नवरा गाडी घेऊन येईपर्यंत तेवढाच वेळ. ऊन उतरलेलं असतं, टॉवरच्या काचा आधी केशरी आणि मग जांभळ्या होतात, पाण्यात अख्खी इमारत उलटी उभी असते आणि बदक तिच्या चौथ्या मजल्यावरून पोहत जातं. अशा वेळी काकांचा आवाज बदलतो. समोरून फिरायला जाणाऱ्या माणसांतून ते टीम निवडायला लागतात. ती स्ट्रोलर ढकलणारी फिलिपिनो बाई, सेंटर मिडफिल्ड, सगळीकडे लक्ष आहे तिचं. तो फोनवर भांडणारा रशियन, स्ट्रायकर. कुत्रा सांभाळणारा नेपाळी, गोलकीपर, हात बघा त्याचे. अकरा झाले की ते डोळे मिटून घेतात आणि सामना सुरू होतो. "पास दिला... बाईंनी घेतला... हळूहळू, घाई नको..." मी हसू दाबून ऐकत राहते, आणि मग खरं सांगते, मलाही दिसायला लागतं. त्या पाण्यावर ती माणसं अनवाणी, एकमेकांची भाषा न येता, सावकाश खेळतायत. कोणी कोणाला ओरडत नाही. मग नवऱ्याचा हॉर्न वाजतो आणि मी माझी पर्स उचलते.

अशाच एका संध्याकाळी त्यांनी सांगितलं, की त्यांच्या मिसेस, फिलोमिनाबाई, गेल्याला चार वर्षं झाली, मुलगी न्यूझीलंडला असते आणि वसईच्या घराला आता कुलूप आहे. एवढं बोलून लगेच, "तो निळ्या शर्टवाला बगा, राइट बॅक," म्हणाले. मीही निळ्या शर्टाकडे बघितलं.

तर गेल्या वर्षी कमिटीनं एक नवीन नियम काढला. ओळीनं दोन वर्षं शेवटी येणारी टीम बरखास्त, तिची जागा एका स्पॉन्सरच्या टीमला. नियम कुणाला डोळ्यांसमोर ठेवून केलाय, ते सांगायला ज्योतिषी नको होता. किनारा आदल्याच वर्षी शेवटी आली होती.

"काका, या खेपेला सिस्टीम-बिस्टीम नाही," मी बजावलं. "पहिला पिक आपला. एल्टन घ्यायचा."

एल्टन हा एका हॉटेलात रिसेप्शनवर असलेला वसईचाच तरुण. बॉल त्याच्या पायाला चिकटवलाय असं वाटावं, असा खेळ. पास्कलकाका त्याला लहानपणापासून ओळखत होते. "एल्टनच घेऊ," ते शहाण्यासारखं म्हणाले. "टीम राहायला पायजे, शिंदेबाई. टीम गेली तर रविवारचं काय?" हे असं काही म्हणाले की मी पुढं चेष्टा केली नाही.

आणि मग माझ्या हातून ती चूक झाली.

ड्राफ्टच्या आदल्या दिवशी काकांच्या रजिस्टरावरून मी एक्सेलची शीट केली. खेळाडूंची नावं आणि समोर चांदण्या. ती आमच्या दोघांच्या 'किनारा' ग्रुपवर टाकायची, ती मी गडबडीत टाकली कमिटीच्या ग्रुपवर, जिथं आठही जीएम आहेत. मिनिटभरात लक्षात आलं. मी घाबरून 'सर्वांसाठी डिलीट' केलं. शीट तशीच राहू दिली असती तर कोणी ढुंकून बघितलं नसतं. डिलीट केल्यामुळे ज्यांनी ती उघडली होती, त्यांना वाटलं की आपल्याला गुप्त खजिना सापडला.

शनिवारी दुपारी तीनला करामा भागातल्या एका उपाहारगृहाचा वरचा हॉल. एसी जोरात, समोसे थंड. एका बाजूला आठ टेबलं, दुसऱ्या बाजूला खुर्च्यांवर शंभरेक माणसं. कोणी इस्त्रीचा शर्ट घालून आलेलं, कोणी ड्युटीवरून थेट. वरवर सगळे मोबाइलमध्ये, पण प्रत्येकाचे कान माइककडे लागलेले.

"फर्स्ट पिक, किनारा!"

पास्कलकाका उठले. "एल्टन." टाळ्या. एल्टन हसत येऊन आमच्या टेबलाशी बसला आणि मी मनातल्या मनात अंबाबाईला साडी कबूल केली.

मग एकेक टीमची पाळी झाली. पहिल्या फेरीत शेवटची पाळी प्रधानांची. हे प्रधान फ्लॅट विकतात आणि आदल्या वर्षीचे विजेते होते. त्यांनी माइक घेतला, पास्कलकाकांकडे बघून डोळा मारला आणि पुकारलं, "सुभाष गुरव!"

हॉलमध्ये कुजबुज. कोण सुभाष? मागच्या रांगेत भिंतीला लागून बसलेला चाळिशीचा एक किडकिडीत माणूस दचकून इकडंतिकडं बघायला लागला. तो आमच्याच गोदामातला पॅकर होता. लांज्याकडचा, सहा-सात महिन्यांपूर्वी आलेला. त्याचा फॉर्म काकांनीच भरला होता. माझ्या शीटमध्ये तीन चांदण्यांचा माणूस एकच होता, आणि तो हा.

"हबीबी पास्कल!" प्रधान लांबूनच ओरडले. "तुझा छुपा हिरा उचलला रे! बाराव्या फेरीपर्यंत दडवून ठेवणार होतास काय?"

चहाची सुट्टी झाली. मला तर उड्या मारायच्या होत्या. "काका, केवढं बेस झालं! माझ्या चुकीनं त्यांचा पहिला पिक वाया गेला की!"

काकांचा चेहरा मात्र उतरला होता. कपातला चहा त्यांनी नुसता धरला होता.

"त्याला खेळता येत नाय, बाई."

"तेच तर म्हणते मी!"

"उद्या प्रॅक्टिसला प्रधानला कळेल. मग हसतील सगळे. पहिल्या फेरीचा माणूस म्हणून हसतील. मग बाकावर बसवतील आणि बाकावर पण कोण त्याच्याशी बोलणार नाय." त्यांनी कप खाली ठेवला. "त्याच्या रूममध्ये आठ जण. सात जणांची भाषा एक, त्याची दुसरी. सहा महिने तो गोदामाच्या मागच्या पायरीवर भिंतीकडे तोंड करून जेवतो. मी स्वतः बगितलंय. एकदा बगितलं तर एक चांदणी. दुसऱ्यांदा बगितलं, दोन."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं मी त्या चांदण्या टाइप करत होते. काका खेळाडू शोधतच नव्हते. ते एकटं जेवणारी माणसं शोधत होते, आणि अशी माणसं बाकी कोणाला नको असल्यामुळे त्यांना नवव्या, दहाव्या, बाराव्या फेरीत आरामात मिळत होती. आम्ही शेवटी का येतो, याचं उत्तर माझ्याच लॅपटॉपमध्ये होतं. मला काकांचा रागही आला आणि रडूही आलं. दोन्ही एकदम आलं की मला शिंका येतात, तशा आल्या.

मी रुमालातून तोंड काढेपर्यंत काका प्रधानांच्या टेबलाशी पोचले होते.

"प्रधान, अदलाबदल करू. सुभाष मला दे. एल्टन घे."

प्रधानांच्या हातातला समोसा हवेत राहिला. कोणत्याही शहाण्या माणसानं तिथल्या तिथं हात मिळवला असता. पण ड्राफ्टमध्ये शहाणपण फार असतं. ज्या माणसासाठी पास्कल डाबरे एल्टन द्यायला निघालाय, तो माणूस काय दर्जाचा असेल! प्रधानांनी समोसा खाली ठेवला.

"नाही जमणार, पास्कल."

"एल्टन आणि माझा दुसऱ्या फेरीचा पिक."

"अरे बाप रे," मागून कोणीतरी म्हणालं.

प्रधानांचे डोळे बारीक झाले. "म्हणजे आहे तरी काय हा सुभाष? कुठं खेळायचास रे तू?"

सुभाष उभा राहिला. त्या हॉलमध्ये त्याचा आवाज पहिल्यांदाच निघत होता. हात जोडून म्हणाला, "साहेब, मला खेळता येत नाय ओ. शाळेत थोडा खेळलेलो."

"बघा! वर नम्र किती!" प्रधान कमिटीकडे वळून म्हणाले. "हा साधा खेळाडू नाही."

मग घासाघीस झाली. जे काका मला वर्षानुवर्षं शिकवत आले, की बाराव्या फेरीत मिळणारा माणूस पहिल्या फेरीत घेतो तो जीएम नाही, गिऱ्हाईक, त्यांनी एल्टन दिला, दुसरी फेरी दिली आणि तिसरीही दिली, आणि बदल्यात सुभाषबरोबर प्रधानांच्या शेवटच्या दोन फेऱ्या घेतल्या. मी हात धरून मागे ओढत होते. "काका, टीम जाईल! तुम्हीच म्हणाला होता, रविवारचं काय!" त्यांनी माझा हात हळूच सोडवला.

"यल्ला प्रधान, बोल. खलास?"

"खलास," प्रधान म्हणाले, आणि हात मिळवल्यावर लगेच त्यांना आपण फसलो असं वाटायला लागलं. एल्टन हातात आलाय, तरी ते दोन दिवस लोकांना विचारत होते, "पास्कलनं मला गंडवलं का रे?"

एल्टन आमच्या टेबलावरून उठला, तेव्हा काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "तुला काय, तू कुठंपण चमकणार. मॉमला सांग, मी विचारलंय." आणि सुभाष येऊन बसला. खुर्चीच्या अगदी कडेला, उठवलं तर पटकन उठता यावं असा. काकांनी समोशांची प्लेट त्याच्यापुढं सरकवली आणि स्वतः एक उचलून खायला सुरुवात केली. मी पण एक घेतला. थंडगार होता, पण संपवला.

सीझनचं काय सांगू. सात सामन्यांत सहा हरलो. सुभाषला लेफ्ट बॅकला उभं केलं होतं. तो बॉल अडवायचा आणि ज्यानं मारला त्यालाच प्रामाणिकपणे परत द्यायचा. आमचा गोलकीपर एका बेकरीत रात्रपाळी करून यायचा, त्यामुळे उभ्या-उभ्या पेंगायचा. एक सामना मात्र हरलो नाही. जानेवारीतल्या त्या सकाळी असं धुकं पडलं, की पंचांना स्वतःची शिट्टी दिसेना. मैदानाच्या काठावरून काही दिसत नव्हतं. धुक्यातून नुसते आवाज यायचे. कोणीतरी पळाल्याचा, कोणाच्या तरी हसण्याचा, "इकडे रे, इकडे!" असा, आणि तो 'इकडे' कुठं आहे ते त्यालाही माहीत नसावं. त्यातच एकदा "सुभाष, तुझाच आहे, जा!" अशी हाक आली, आणि "आलो, आलो!" असं खणखणीत उत्तर गेलं. पास्कलकाका माझ्या शेजारी डोळे मिटून उभे होते. म्हणाले, "बगा, किती मस्त खेळतायत." दोन्ही टीमला गोल सापडला नाही. शून्य-शून्य. आमचा एकमेव गुण.

पण दर सामन्यानंतरचं जेवण! हरलेली बाराची बारा माणसं धूळ झटकून काकांच्या त्या वन-बेडरूममध्ये यायची. वसईहून आलेल्या मसाल्याचं चिकन, तांदळाच्या भाकऱ्या, आणि मॅग्नेटच्या भिंतीला टेकून मांडी घालून बसलेली पंगत. काका पळीनं वाढत फिरायचे आणि सामन्यातला न झालेला गोल कसा होऊ शकला असता ते सांगायचे. माझी लेक इरा एकदा आली होती. घरी जाताना गाडीत म्हणाली, "Mumma, they lost five-nil. Why is everyone so happy?" मी म्हटलं, गप बस आणि झोप.

फेब्रुवारीत कमिटीचं पत्र आलं. किनारा बरखास्त. काकांनी ते वाचलं, घडी घातली, चार पेनांच्या खिशात ठेवलं आणि गोदामात निघून गेले. त्या आठवड्यात त्यांनी कोणाच्याच घोट्याकडे बघितलं नाही. मी तीनदा लिफ्टमध्ये समोर उभी राहिले. तळ्याच्या बाकावरही आले नाहीत.

पुढच्या रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेले. निमित्त रजिस्टर परत करायचं. खरं म्हणजे मला घरात बसवत नव्हतं, कारण शीट मी डिलीट केली नसती तर टीम वाचली असती, हे मला पक्कं माहीत होतं. दार नुसतं लोटलेलं होतं. भिंतीवरच्या चिठ्ठ्या काढलेल्या होत्या, पांढऱ्या पत्र्यावर नुसती मॅग्नेट राहिली होती. आणि काका किचनच्या ओट्याशी उभे होते, माझ्याकडे पाठ करून. एका हातात ताटली. उभ्या-उभ्या डाळभात खात होते.

मला बघून ओशाळले. "या, या. बसून खायला वेळच नाय झाला."

त्यांना त्या दिवशी काहीएक काम नव्हतं. रविवारची दुपार होती. बाहेर तळ्यावर ऊन पडलं होतं आणि आत फ्रिजचा आवाज येत होता. या माणसानं सगळ्यांच्या नावापुढं चांदण्या काढल्या, याच्या पुढं कोणी काढायच्या? मी त्यांना म्हटलं, "काका, चुकलं माझं." ते म्हणाले, "कशाला? ती अदलाबदल मी केली. परत वेळ आली तर परत करीन." मी नळाखाली कोथिंबीर धुवायला घेतली, जिची कोणाला गरज नव्हती.

बेल वाजली. मी दार उघडलं. सुभाष होता. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात भाकरीचं फडकं, आणि त्याच्या मागं एक अनोळखी माणूस, मान खाली घालून उभा. जबल अलीहून बस आणि मेट्रो करत आले होते दोघं.

"हे चंदगडचे," सुभाष काकांना म्हणाला. "मंगळवारी आले. रूमवर यांची भाषा कोणाला येत नाय. म्हटलं, आज रविवार आहे ना."

काकांनी त्या माणसाकडे बघितलं, मग सुभाषकडे. मिशी थोडी हलली.

सुभाषनं चपला काढल्या, सरळ आत आला, ओट्याखालच्या कप्प्यातून ताटं काढली आणि भिंतीशी मांडायला लागला. एक, दोन. माझ्याकडे बघून तिसरं मांडलं. नवा माणूस दाराशीच घुटमळत होता, त्याला म्हणाला, "या ओ, बसा. इथं कोण परका नाय." आणि मग जो माणूस सहा महिने एक शब्द बोलला नव्हता, तो फोडणीला कांदा चिरता-चिरता बोलतच सुटला. धुक्यातला सामना कसा झाला, बॉल कसा आपल्याच पायात आला, गोल फक्त चार हातांवर होता. त्यातलं निम्मं खोटं होतं. चंदगडचा माणूस तोंड उघडं टाकून ऐकत होता.

पास्कलकाका अजून हातात ताटली घेऊन उभे होते. सुभाषनं ती त्यांच्या हातातून काढून घेतली, ओट्यावर ठेवली आणि चौथं ताट मांडलं.

"बसा, जीएम," तो म्हणाला. "वाढतो मी."

काका भिंतीला टेकून खाली बसले. गुडघे दुखतात त्यांचे, त्यामुळे वेळ लागला. मी हात दिला. त्यांनी तो घट्ट धरला आणि बसून झाल्यावरही थोडा वेळ सोडला नाही.